आपलें मैदान आणि परकें मैदान
(युरोपांतील पहिल्या क्लब-चषक स्पर्धेचा अभ्यास, १९५५-५६)

आंतरशालेय सामन्यांच्या दिवसांत वर्गांत एक वाक्य हटकून कानीं पडतें: "सर, सामना आपल्या मैदानावर असता तर आपणच जिंकलों असतों." विद्यार्थिदशेंत हें वाक्य आम्हींही अनेकदां उच्चारलें आहे. एकदां परगांवच्या शाळेकडून पांच गोलांनीं हरून परत येतांना, आगगाडीच्या डब्यांत आम्हीं तेथील मैदानाचा उतार, तेथील वारा आणि तेथील पंच या तिघांना यथेच्छ नांवें ठेवलीं. स्वतःच्या खेळाला नांव ठेवण्याचें मात्र कोणाला सुचलें नाहीं.

ही तक्रार सर्वस्वी खोटी नाहीं. सर्वस्वी खरीही नाहीं. ती कोठें खरी ठरते आणि कोठें केवळ सबब ठरते, हें तपासून पाहण्यासाठीं आम्हीं एका मोठ्या स्पर्धेचा पहिला हंगाम निवडला आहे. ही स्पर्धा युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या क्लबांची. तिचा जन्मच मुळीं या प्रश्नांतून झाला, म्हणून आपल्या कामास ती फार सोयीची आहे.

१. एका रात्रीचा दावा

१३ डिसेंबर १९५४ च्या रात्रीं इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन शहरीं विजेच्या दिव्यांच्या प्रकाशांत एक मैत्रीचा सामना झाला. यजमान होता त्याच शहराचा वुल्व्ह्ज संघ, त्या वेळचा इंग्लंडचा विजेता. पाहुणा होता हंगेरींतील बुडापेस्टचा होनवेद संघ. पुश्काश, कोचिश यांच्यासारखे नामांकित खेळाडू होनवेदमध्यें होते. त्यांचा भरणा असलेल्या हंगेरीच्या राष्ट्रीय संघानें १९५३ सालीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ असें हरविलें होतें आणि पुढील वर्षीं बुडापेस्ट येथें तर ७-१ असें. तो सल इंग्रजांच्या मनांत ताजा होता.

पहिल्या अर्धांत होनवेदनें दोन गोल केले. उत्तरार्धांत वुल्व्ह्जनें तीन गोल केले आणि सामना ३-२ असा जिंकला. मैदान चिखलानें जड झालें होतें. वुल्व्ह्जच्या व्यवस्थापकानें सामन्यापूर्वीं त्यावर आणखी पाणी मारविलें होतें, हेंही पुढें उघड झालें. आखूड पासांचा नाजूक खेळ करणारे पाहुणे त्या चिखलांत थकत गेले, आणि लांब फटक्यांचा जोरकस खेळ करणाऱ्या यजमानांचें फावलें. दुसऱ्या दिवशीं इंग्लंडांतील वृत्तपत्रांत वुल्व्ह्ज हे जगाचे विजेते असल्याचा गजर झाला.

पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडाविषयक दैनिकांत गाब्रिएल आनो नांवाचे संपादक होते. ते स्वतः एके काळीं फ्रान्सच्या राष्ट्रीय संघांतून खेळलेले. त्यांनीं या गजरास उत्तर दिलें. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, वुल्व्ह्जना अजिंक्य म्हणण्यापूर्वीं त्यांनीं मॉस्को व बुडापेस्ट येथें जाऊन खेळून दाखवावें. युरोपांत आणखीही नामवंत क्लब आहेत. तेव्हां सर्वांची एक रीतसर स्पर्धा कां भरवूं नये?

विद्यार्थिमित्रहो, या उत्तराची रीत लक्षांत घ्या. आनो यांनीं वुल्व्ह्जची निंदा केली नाहीं. त्यांचा विजय नाकारलाही नाहीं. दावा खोटा आहे असें न म्हणतां, तो अद्याप पुरता तपासला गेला नाहीं, एवढेंच ते म्हणाले आणि तपासण्याची वाट दाखविली. वादविवादाच्या तासाला आपण याहून चांगला नमुना क्वचितच ऐकतों.

२. नियमाची रचना

'लेकिप'नें केवळ लेख लिहून हात झटकले नाहींत. आनो यांचे सहकारी जाक फेरां यांनीं १९४८ सालीं चिली देशांतील सांतियागो येथें दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा पाहिली होती. तो अनुभव आतां उपयोगीं पडला. नियमांचा मसुदा तयार झाला आणि एप्रिल १९५५ मध्यें निरनिराळ्या क्लबांच्या प्रतिनिधींची बैठक पॅरिस येथें भरली. युरोपची फुटबॉल संघटना १९५४ सालींच स्थापन झाली होती. जून १९५५ मध्यें तिनें स्पर्धेची जबाबदारी आपल्याकडे घेतली.

सोळा क्लब घ्यावयाचे आणि हरणाऱ्यानें बाद व्हावयाचें, हें तर ठरलें. परंतु सामना कोणाच्या मैदानावर खेळावा? येथें योजकांनीं न्यायाची तोड काढली. प्रत्येक जोडीनें दोन सामने खेळावे, एक याच्या गांवीं व एक त्याच्या गांवीं. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करावी. ज्याची बेरीज मोठी तो पुढें जाईल. बेरीज सारखी आल्यास तिसरा सामना. केवळ अंतिम सामना एकच, आणि तो आधीं ठरविलेल्या शहरीं.

गणिताच्या विद्यार्थ्यांनीं सामन्यांची संख्या स्वतः काढून पाहावी. पहिल्या फेरींत ८ जोड्या, म्हणजे १६ सामने. दुसरींत ४ जोड्या, ८ सामने. उपांत्य फेरींत २ जोड्या, ४ सामने. आणि अंतिम सामना १. एकूण २९. तिसऱ्या सामन्याची गरज त्या हंगामांत एकदांही पडली नाहीं.

या नियमानें दोन गोष्टी साधल्या. मैदानाचा लाभ दोघांनाही सारखाच मिळाला, म्हणून सबबीचें तोंड बंद झालें. आणि एका दिवसाच्या पराभवानें सर्व कांहीं संपत नाहीं, दुसऱ्या दिवशीं भरपाई करण्यास वाव असतो, ही व्यवस्था बाद पद्धतींतही राहिली.

३. न आलेला पाहुणा

ज्या देशांतून दावा निघाला त्या इंग्लंडचा संघ मात्र या पहिल्या स्पर्धेंत उतरला नाहीं. १९५४-५५ चा इंग्लंडचा विजेता चेल्सी हा क्लब होता. त्याचें नांव घातलें गेलें होतें आणि स्वीडनमधील जुरगॉर्डन संघाशीं त्याची जोडीही लागली होती. पण इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या चालकांस हें रुचलें नाहीं. घरच्या सामन्यांची गर्दी आधींच पुष्कळ, त्यांत ही परदेशची यातायात कशाला, असा त्यांचा विचार. चेल्सीनें त्यांचा सल्ला मानला आणि त्याची जागा पोलंडच्या ग्वार्डिया वॉर्सा संघास मिळाली.

पुढील वर्षीं मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बस्बी यांनीं तोच सल्ला मानला नाहीं व आपले तरुण खेळाडू स्पर्धेंत उतरविले. पालकांनीं या दोन निर्णयांचा शांतपणें विचार करावा, अशी आमची विनंती आहे. बस्बींचा निर्णय धाडसाचा होता, पण त्याची किंमतही पुढें भरावी लागली, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं बेलग्रेडचा सामना खेळून परत येतांना त्या संघाचें विमान म्यूनिक येथें उड्डाण करतांना कोसळलें. त्या अपघातांत २३ माणसें दगावलीं. त्यांत ८ खेळाडू होते. बस्बी स्वतः मरणाच्या दारांतून परत आले, त्यांनीं संघ पुन्हां उभारला, आणि १९६८ सालीं त्याच संघानें हा चषक जिंकला.

तेव्हां मुलांस बाहेर पाठवितांना आईबापांच्या मनांत जी भीति उभी राहते ती पोकळ असते, असें आम्ही म्हणणार नाहीं. परक्या मैदानाची वाट निर्धोक नसतेच. परंतु चेल्सीचे खेळाडू १९५५ सालीं युरोपांत कितवे ठरले असते, हें आज कोणीही सांगूं शकत नाहीं. त्या खेळाडूंनाही तें कधीं कळलें नाहीं. न जाण्याचीही एक किंमत असते. ती कोणी मोजीत नाहीं, एवढेंच.

४. जे आले त्यांच्या कथा

स्पर्धेचा पहिला सामना ४ सप्टेंबर १९५५ रोजीं पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथें झाला. स्पोर्टिंग हा तेथील संघ आणि युगोस्लाव्हियाचा पार्टिझान यांची ३-३ अशी बरोबरी झाली. परतीच्या सामन्यांत पार्टिझाननें ५-२ असा विजय मिळविला.

ब्रिटनमधून एकच संघ आला, तो स्कॉटलंडांतील एडिंबरो शहराचा हायबर्नियन. हा कांहीं त्या वर्षींचा विजेता नव्हे. आपल्या लीगमध्यें तो पांचवा होता. पण निमंत्रणें निव्वळ क्रमांकावरून दिलेलीं नव्हतीं. १४ सप्टेंबर १९५५ रोजीं हा संघ पश्चिम जर्मनींतील एसेन शहरीं खेळला. एसेन म्हणजे तोफांचे प्रचंड कारखाने असलेलें गांव. महायुद्धांत तें ब्रिटिश विमानांच्या बाँबहल्ल्यांनीं उद्ध्वस्त झालें होतें. युद्ध संपून दहाच वर्षें झालीं होतीं. हायबर्नियनचा एडी टर्नबुल हा खेळाडू युद्धकाळांत ब्रिटिश नौदलांत होता. या स्पर्धेंत ब्रिटनच्या संघातर्फे पहिला गोल त्यानेंच एसेनला केला. हायबर्नियन ४-० असे जिंकले. कालपर्यंत ज्या गांवावर आकाशांतून आग पडत होती, तेथें त्या देशाची पोरें चेंडू घेऊन आलीं, खेळलीं आणि हस्तांदोलन करून परतलीं. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग सांपडत नाहीं. पण तह केवळ कागदावर होत नसतात.

झारब्रुकेनची कथा आणखी निराळी. झार हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश जर्मन भाषेचा, परंतु युद्धानंतर फ्रान्सच्या संरक्षणाखालीं वेगळा ठेवलेला. २३ ऑक्टोबर १९५५ रोजीं तेथील लोकांनीं मतदान करून त्या प्रदेशासाठीं योजलेली नवी युरोपीय व्यवस्था नाकारली. त्यानंतर नऊ दिवसांनीं, १ नोव्हेंबरला, झारब्रुकेनच्या संघानें इटलींतील मिलान येथें जाऊन बलाढ्य मिलान संघास ४-३ असें हरविलें. केवढा पराक्रम! पण परतीच्या सामन्यांत, स्वतःच्या घरीं, स्वतःच्या लोकांसमोर, तोच संघ १-४ असा हरला आणि बाद झाला. १ जानेवारी १९५७ रोजीं झार प्रदेश पश्चिम जर्मनींत सामील झाला. त्यामुळें झारच्या नांवानें या स्पर्धेंत उतरलेला संघ हाच पहिला आणि हाच शेवटचा.

५. हिशेब काय सांगतो

आतां आपण मूळ प्रश्नाकडे येऊं. पहिल्या फेरीच्या १६ सामन्यांचे निकाल आम्हीं एका कागदावर मांडून पाहिले. यजमान किती वेळां जिंकले? अवघे ५ वेळां. पाहुणे ७ वेळां जिंकले आणि ४ सामने बरोबरींत सुटले. म्हणजे आपल्या मैदानावर खेळूनही यजमानांस ११ सामन्यांत जिंकतां आलें नाहीं! "आपल्या मैदानावर असता तर" या वाक्याचा येथें पुरता निकाल लागला असें वाटतें.

पण थांबा. अर्ध्या हिशेबावर निष्कर्ष काढणें हें विद्यार्थ्याचें काम नव्हे. दुसरी व उपांत्य फेरी मिळून १२ सामने झाले. त्यांतून हायबर्नियन व जुरगॉर्डन यांचे दोन सामने वगळूं. कारण स्वीडनच्या कडक हिवाळ्यामुळें ते दोन्ही स्कॉटलंडांतच झाले. उरले १०. त्यांत यजमान ७ वेळां जिंकले, पाहुणे फक्त १ वेळ, आणि २ सामन्यांत बरोबरी झाली.

हा फरक कां पडला? पहिल्या फेरींत बलवान व दुर्बळ यांच्या जोड्या पुष्कळ होत्या. बलवान संघ कोठेंही गेला तरी जिंकला. दुर्बळाचें मैदान त्याच्या कामीं आलें नाहीं. पुढील फेऱ्यांत मात्र दोन्ही बाजू तोलामोलाच्या राहिल्या, आणि तेव्हां ओळखीची माती, ओळखीचा वारा व लोकांचा आरडाओरडा यांनीं पारडें झुकविलें. एका हंगामाचे आंकडे थोडे आहेत, त्यांवरून अढळ सिद्धांत मांडूं नये; तरी आम्हांस त्यांतून एवढें दिसतें कीं, मैदानाचा प्रश्न खरा आहे, परंतु तो बरोबरीच्या माणसांचा प्रश्न आहे. पांच गोलांनीं हरणाऱ्यास ती तक्रार करण्याचा अधिकार अजून मिळालेला नसतो.

६. बेलग्रेडचा बर्फ

तोलामोलाच्या झुंजीचें उत्तम उदाहरण म्हणजे स्पेनचा रेआल माद्रिद व युगोस्लाव्हियाचा पार्टिझान यांची जोडी. त्या काळीं या दोन देशांत राजकीय संबंधही नव्हते. एकीकडे जनरल फ्रँको यांची सत्ता, दुसरीकडे मार्शल टिटो यांची. तरी पार्टिझानचे खेळाडू माद्रिदला आले. १९५५ सालच्या नाताळच्या दिवशीं झालेला तो सामना माद्रिदनें ४-० असा जिंकला.

चार गोलांची आघाडी घेऊन माद्रिदचा संघ २९ जानेवारी १९५६ रोजीं बेलग्रेडला उतरला, तों मैदान बर्फानें झांकलेलें. स्पेनच्या उन्हांत वाढलेल्या पायांस तेथें उभें राहणेंही कठीण. पार्टिझाननें एकामागून एक तीन गोल केले. आणखी एक झाला असता तर बेरीज सारखी होऊन सारें पुन्हां मांडावें लागलें असतें. माद्रिदचे खेळाडू घसरत, पडत, उठत शेवटच्या शिटीपर्यंत टिकले. ते ०-३ असे हरले आणि एकूण ४-३ असे पुढें गेले. त्या दिवशींचा त्यांचा खेळ सुंदर नव्हता; पण पुढें त्यांनीं जें मिळविलें त्याचा पाया त्या पराभवांत आहे. चांगल्या दिवशीं केलेली सांठवण वाईट दिवशीं कशी उपयोगीं पडते, हें त्यांच्याकडून शिकावें. उपांत्य फेरींतही तसेंच झालें. माद्रिदनें मिलानला घरीं ४-२ असें हरविलें, परक्या ठिकाणीं १-२ अशी हार पत्करली, आणि एकूण ५-४ अशी बाजी मारली.

७. पॅरिसची संध्याकाळ

१३ जून १९५६ रोजीं पॅरिसच्या पार्क दे प्रिंस मैदानावर अंतिम सामना झाला. रेआल माद्रिदसमोर फ्रान्सचा रॅंस हा संघ होता. उपांत्य फेरींत या संघानें हायबर्नियनला पॅरिस येथें २-० व एडिंबरो येथें १-० असें नमविलें होतें. म्हणावयास अंतिम सामना तटस्थ ठिकाणीं. पण रॅंसनें आपले मोठे घरचे सामने पॅरिसलाच खेळले होते. प्रेक्षक फ्रेंच, भाषा फ्रेंच. माद्रिदसाठीं तें परकेंच मैदान.

रॅंसचा प्राण रेमों कोपा हा होता. पोलिश वंशाच्या खाणकामगाराच्या घरीं तो जन्मला, चौदाव्या वर्षीं स्वतः खाणींत उतरला आणि तेथील अपघातांत त्याच्या हाताचें बोट दुखावून तोकडें झालें. हा हंगाम संपल्यावर तो माद्रिदच्याच संघांत जावयाचा, हें ठरून गेलें होतें. तरी त्या संध्याकाळीं तो रॅंससाठीं जीव तोडून खेळला. उद्यांच्या धन्याविरुद्ध आजच्या धन्याचें काम चोख करणें, ही लहान गोष्ट नव्हे.

सहाव्या मिनिटाला लब्लों यानें व दहाव्या मिनिटाला तांप्लां यानें रॅंसचे गोल केले. दहा मिनिटांत ०-२! दुसरा एखादा संघ येथेंच खचला असता. परंतु चौदाव्या मिनिटाला डी स्टेफानो यानें एक गोल फेडला, आणि तिसाव्या मिनिटाला रियाल यानें दुसरा. उत्तरार्धांत ६२ व्या मिनिटाला कोपाच्या फटक्यावर इदाल्गो यानें डोक्यानें चेंडू मारून रॅंसला पुन्हां पुढें नेलें. आतां गोल कोण करणार? केला मार्किटोस यानें, आणि तो होता बचावाचा खेळाडू! ६७ व्या मिनिटाला तो आपली जागा सोडून थेट पुढें घुसला व बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला रियालनें चौथा गोल केला. माद्रिद ४, रॅंस ३. कर्णधार मुन्योस यानें चषक उचलला. त्यानंतरचीं चार वर्षेंही तो माद्रिदकडेच राहिला, आणि पुढील तीन विजयांत कोपा माद्रिदच्या बाजूनें होता.

८. आपणांसाठीं

पुढें कांहीं वर्षांनीं या स्पर्धेंत असा नियम आला कीं, बेरीज सारखी झाल्यास परक्या मैदानावर केलेले गोल अधिक मोलाचे धरावे. २०२१ सालीं तो रद्द झाला. कारण घरच्या मैदानाचा लाभ पूर्वीइतका राहिला नाहीं, असें संघटनेचें मत पडलें. स्पर्धेचें नांवही १९९२ सालीं बदललें. नियम बदलतात, पण ज्या प्रश्नांतून ते निघाले तो प्रश्न कायम राहतो.

आमच्या विद्यार्थ्यांपुढें तो दर वर्षीं उभा राहतो, आणि केवळ फुटबॉलच्या मैदानावर नव्हे. आपल्या वर्गांत पहिला येणारा मुलगा जिल्ह्याच्या परीक्षेस बसतो, घरांत उत्तम गाणारी मुलगी परक्या सभेंत उभी राहते, तेव्हां वुल्व्ह्जचा दावा आणि आनोंचें उत्तर पुन्हां समोरासमोर येतात. त्या वेळीं हरणें हा दोष नाहीं. माद्रिदही बेलग्रेडला हरलें. हरून आल्यावर आपण गाडीच्या डब्यांत काय बोलतों, यावर पुढचा सामना अवलंबून असतो.

आम्हीं त्या दिवशीं वारा आणि पंच यांना दोष दिला. पुढच्या वर्षीं तोच संघ आमच्या मैदानावर आला. उतार नव्हता, वारा ओळखीचा होता, टाळ्या आमच्यासाठीं होत्या. आम्ही तीन गोलांनीं हरलों. त्या दिवशीं मात्र कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे मैदानावर नेहमींपेक्षां अधिक मुलें हजर होतीं.

विचारासाठीं प्रश्न

१. दोन सामन्यांच्या नियमानें कोणता अन्याय दूर झाला? अंतिम सामन्यास तो नियम कां लावला नसावा?
२. झारब्रुकेन परक्या मैदानावर जिंकून घरीं हरलें. याचीं संभाव्य कारणें स्वतः शोधून लिहा.
३. आपल्या शाळेच्या गेल्या तीन वर्षांच्या सामन्यांचे निकाल वहींत मांडा. घरीं किती जिंकलों, बाहेर किती? मग "आपल्या मैदानावर असता तर" हें वाक्य पुन्हां उच्चारून पाहा.